छपाई झाल्यानंतर

जलरंगात चित्र रंगविणारा मनुष्य काम संपले की कुंचले धुतो, पाण्याचा पेला रिकामा करतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. मुद्राचित्र छापणाऱ्याचे भाग्य इतके सोपे नाही. त्याच्या समोर शाईने माखलेली काच असते, रूळ असतो, शाई कालविण्याची सुरी असते, कोरलेला ठसा असतो, आणि हे सर्व हाताळून काळे झालेले त्याचे स्वतःचे हात असतात. वीस प्रती छापून तो थकलेला असतो. ओल्या प्रती दोरीवर टांगलेल्या असतात आणि त्यांच्याकडे पाहत राहावे असे त्याला वाटत असते. नेमक्या याच घटकेला त्याला दिवसातले सर्वांत जबाबदारीचे काम करावयाचे असते, आणि पुष्कळांकडून ते सर्वांत निष्काळजीपणे होते.

कलाशाळेत हे तितकेसे जाणवत नाही. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातील ललितकला विभाग १९५० साली सुरू झाला. इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे १९६६ पर्यंत तेथे चित्रकला शिकवीत होते. ज्योती भट्ट यांच्यासारखे तेथे घडलेले कलावंत पुढे इटलीत आणि अमेरिकेत मुद्राचित्रणाचे शिक्षण घेऊन आले, आणि त्या शहरात या कलेची परंपरा रुजली. अशा संस्थेत छपाईचे काम मोठ्या दालनात चालते, खिडक्या उंच असतात, धुण्याची जागा निराळी असते. शिक्षण संपते, विद्यार्थी घरी येतो, आणि मागल्या खोलीत किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात टेबल मांडून कामाला लागतो. हत्यारे तीच, शाई तीच, आणि सफाईची सवयही दालनातलीच. फरक इतकाच, की आता भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असते आणि जमिनीवर मूल रांगत असते.

घरी छापण्याची ही रीत नवी नव्हे. लिनोलियमच्या ठशाला छापयंत्र लागत नाही. कागदाच्या पाठीवर लाकडी चमचा घासला तरी उत्तम प्रत निघते. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने गांधीजींचे जे काळेपांढरे चित्र केले, ते लिनोवर कोरलेले होते. चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीला राहून वर्षानुवर्षे लिनोचे ठसे कोरले. या कलेचे मोठेपण साध्या साधनांत आहे, आणि म्हणूनच ती घराघरांत जाऊ शकली. परंतु साधने साधी असली तरी शाई साधी नाही. तिचा स्वभाव जाणून घेतल्यावाचून सफाईचे शास्त्र उलगडत नाही.

मुद्राचित्राची परंपरागत शाई म्हणजे अळशीच्या तेलात घोटलेला रंग. कच्चे तेल तापवून दाट करतात, आणि त्यात काजळी किंवा अन्य रंगद्रव्य खलतात. ही शाई वाळते कशी? पाणी वाळते तशी उडून जाऊन नव्हे. अळशीचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात, आणि द्रवाचे चिवट घन कातडे बनते. एकदा ते बनले की तेलात, साबणात, कशातही पुन्हा विरघळत नाही. वर्तमानपत्राची जुन्या पद्धतीची शाई खनिज तेलाची असे. ती वाळत नसे, फक्त कागदात मुरत असे. सकाळी अंक वाचून झाल्यावर वाचकांची बोटे काळी होत, त्याचे कारण हेच. मुद्राचित्रकाराच्या शाईची बोटांना लागलेली काळजी निराळी आहे. ती आज ओली आहे, उद्या दगड होईल.

गंमत अशी, की ज्या लिनोलियमवर चित्र कोरले जाते तेही याच तेलाचे अपत्य आहे. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात वाळलेले अळशीचे तेल, राळ आणि बुचाची पूड यांचा लगदा तागाच्या कापडावर बसवून जमिनीचे हे आच्छादन काढले. त्याच्या नावातच अळशी आणि तेल हे दोन लॅटिन शब्द आहेत. म्हणून जो जहाल पदार्थ वाळलेली शाई खातो, तो ठसाही खातो. छापखान्यात खिळे धुण्यासाठी कॉस्टिकचे पाणी वापरीत असत. शिशाच्या खिळ्यांना ते चालून जाई. लिनोच्या ठशावर ते पडले तर ठशाचे काठ मऊ होऊन महिन्याची मेहनत वाया जाते, आणि हातांच्या कातडीची गत त्याहून बरी होत नाही.

तेव्हा शाई ओली आहे तोवरच ती काढली पाहिजे, हे पहिले सूत्र. आणि ओली शाई तेलाची असल्यामुळे ती तेलानेच सुटते, हे दुसरे. येथेच बहुतेकांची वाट चुकते. शाई म्हटली की रॉकेल, ही जोडी छापखान्यांनी आपल्या मनात इतकी घट्ट बसविली आहे, की साध्या खाद्यतेलाने रूळ लख्ख होतो हे सांगितले तर लोक अविश्वासाने पाहतात. वस्तुतः खाद्यतेल शाईला पातळ करते, तिची पकड सोडविते, आणि मग ती फडक्यावर सहज येते.

मात्र कोणते तेल, याचा विचार हवा. जे तेल स्वतःच वाळते ते सफाईला निरुपयोगी होय. तेलाच्या या वाळण्याच्या प्रवृत्तीचा अंदाज रसायनशास्त्रज्ञ आयोडीन अंकावरून बांधतात. अळशीचा अंक सुमारे १८०, करडईचा सुमारे १४०, तिळाचा ११० च्या आसपास, शेंगदाण्याचा ९० च्या आसपास, आणि खोबरेलाचा अवघा १० च्या आत-बाहेर. आपल्याकडे घरोघर वापरले जाणारे करडईचे तेल चित्रकार पांढऱ्या रंगात मिसळतात, ते वाळते म्हणूनच. त्याने रूळ पुसून ठेवला तर काही दिवसांनी रुळावर चिकट पापुद्रा येतो आणि पुसणाऱ्याला शाईच खराब होती असे वाटते. खोबरेल वाळत नाही, पण इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत ते बाटलीतच गोठते. एरंडेल फार दाट. सर्व बाजूंनी पाहता शेंगदाण्याचे तेल हे या कामाला उत्तम, आणि तळणाचे उरलेले चालते का, असे विचारणाऱ्या गृहिणीला उत्तर असे, की एकदाच वापरलेले व गाळलेले असेल तर चालते. वारंवार तापविलेले तेल मात्र स्वतःच चिकट होऊ लागलेले असते.

सफाईचा क्रमही सोयीसाठी नसून शाईच्या स्वभावावरून ठरतो. प्रथम तेल ओतावयाचे नाही. प्रथम काचेवरची शाई सुरीने खरवडून घ्यावयाची. ती चांगली असेल तर मेणकागदात घट्ट गुंडाळून ठेवता येते, दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते. मग रूळ जुन्या वर्तमानपत्रावर फिरवावयाचा, एकदा, दोनदा, कागदावर नुसती पुसट छटा उमटेपर्यंत. ठशावरही असाच कागद ठेवून दाबून काढावयाचा. या दोन क्रियांत बहुतांश शाई कागदावर निघून जाते आणि तिला तेल, साबण, पाणी यांपैकी कशाचाही स्पर्श होत नाही. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मग अर्धी बाटली तेल व सहा चिंध्या खर्ची घालतात.

त्यानंतर काचेवर चमचाभर तेल घालून त्यातच रूळ फिरवावा, चिंधीने पुसावा, पुन्हा थोडे तेल, पुन्हा पुसणे. रुळाच्या दोन्ही कडा आणि दांड्याचे सांधे विसरू नयेत. शाई तेथे दडून बसते, वाळते आणि पुढल्या महिन्यात फिकट पिवळ्या रंगाच्या छपाईत काळ्या रेषा होऊन अवतरते. शेवटी भांडी घासण्याचा साबण किंचित पाण्यात घेऊन तेलाचा अंश काढावा आणि कोरड्या फडक्याने टिपावे. हा शेवटचा हात ज्याने मारला नाही त्याला दुसऱ्या दिवशी शाई रुळावर धरत नाही, ठशावर डाग पडतात, आणि तो दोष खाद्यतेलाला देतो.

तेलाचा हा उरलेला अंश किती नडतो, याचे नामी उदाहरण पॅरिसमध्ये सापडते. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी तेथे १९२७ साली मुद्राचित्रणाची एक कार्यशाळा स्थापन केली, ती पुढे ‘आतलिए १७’ या नावाने प्रसिद्धीस आली. कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती हे त्या कार्यशाळेत काम करीत. एकाच पत्र्यावर एकाच वेळी अनेक रंग छापण्याची जी पद्धत तेथे विकसित झाली, तिचा सारा आधार शाईतल्या तेलाच्या प्रमाणावर होता. एक शाई जास्त तेलाची, दुसरी कमी तेलाची. एक रूळ मऊ, दुसरा कठीण. शाया एकमेकींना जवळ घेतात किंवा दूर सारतात, त्यावरून रंगांची जागा ठरते. अशा कामात नीट न पुसलेल्या रुळावरचे दोन थेंब तेल सगळे गणित बिघडवितात. तेथे रूळ धुणे हा छपाईचाच भाग होता, छपाईनंतरचा नव्हे.

रूळ ज्याचा केलेला असेल त्यावरही बरेच अवलंबून असते. जुन्या छापखान्यांत सरस आणि काकवी किंवा ग्लिसरीन यांचे ओतीव रूळ असत. ते पाण्याने फुगत आणि वैशाखाच्या उन्हात पाघळत. म्हणून छापखान्याचे कामगार त्यांना पाण्याचा थेंब लागू देत नसत. रबरी रुळाचे उलटे आहे. पाणी त्याला चालते, पण पेट्रोल आणि रॉकेल यांनी रबर फुगते, मऊ पडते, आणि त्यावर खड्डे पडतात. खाद्यतेलही रबरावर रात्रभर राहू देऊ नये. आणि रूळ कोणताही असो, तो आपल्या अंगावर आडवा टाकून ठेवू नये. एका जागी भार पडून तो चपटा होतो व प्रत्येक फेऱ्यात एक पांढरी पट्टी सोडतो. खिळ्याला टांगलेला रूळ वर्षानुवर्षे गोल राहतो.

आता रॉकेलाविषयी. ते आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, हे एका परीने बरे झाले असे म्हणावे, तर त्याच्या जागी लोक पेट्रोल आणि रंगाच्या दुकानातला थिनर आणू लागले आहेत, आणि हा बदल आगीतून फोफाट्यात पडण्यासारखा आहे. पेट्रोलात बेन्झीन असते, थिनरमध्ये पुष्कळदा टोल्युइन असते. बंद खोलीत अर्धा तास ही वाफ घेतली की डोके जड होते, मळमळते. वर्षानुवर्षे घेतली तर मज्जासंस्थेला इजा होते, आणि बेन्झीनमुळे रक्ताचे गंभीर विकार होतात. या सर्व वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या छताकडे जात नाहीत, जमिनीलगत पसरतात, म्हणजे जेथे मूल खेळत असते तेथे, आणि उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत. रॉकेल व टर्पेंटाइन यांची वाफ ठिणगीने पेट घेण्यास ३५ ते ४० अंश सेल्सियस इतके तापमान पुरते. मे महिन्यात वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत दुपारी खोलीच इतकी तापलेली असते. पेट्रोलाला तर हिवाळाही पुरतो. आणि ठिणगी शोधावयास लांब जावे लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस आहे, विजेचे बटण आहे, सांजवेळी देवघरात लागलेले निरांजन आहे. जेथे असला पदार्थ टाळताच येत नाही, उदाहरणार्थ धातूच्या पत्र्यावरील डांबरी लेप काढताना, तेथे काम उघड्या गच्चीवर करावे, बाटलीचे झाकण लगेच लावावे आणि हातात मोजे घालावेत. रॉकेलाने हात धुण्याची सवय तर सर्वस्वी सोडावी. ते कातडीतील स्निग्धता ओढून घेते, मग भेगा पडतात व खाज सुटते. हातांना चमचाभर तेल आणि चिमूटभर साखर चोळून मग साबण लावला तर शाई निघते, आणि कातडी शाबूत राहते.

परंतु खाद्यतेल वापरले म्हणजे आगीची भीती संपली, असे समजणे ही त्याहूनही मोठी चूक होईल. घरातील सर्वांत धोक्याची वस्तू बाटलीत नसते. ती केराच्या टोपलीत असते. शाई पुसलेल्या चिंध्या हीच ती वस्तू.

अळशीचे तेल वाळताना प्राणवायू शोषते हे वर आलेच आहे. ही क्रिया होताना उष्णता निर्माण होते. काचेवर पातळ थर असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते, कोणाला कळतही नाही. पण तेल चिंधीच्या असंख्य धाग्यांवर पसरलेले असेल, आणि चिंध्यांचा बोळा करून तो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेला असेल, तर हवा भरपूर मिळते आणि उष्णतेला बाहेर पडावयास वाट मिळत नाही. बोळा आतून तापतो. तापल्यामुळे क्रिया वेगाने होते, वेगाने झाल्यामुळे आणखी तापतो. काही तासांनी, म्हणजे पुष्कळदा घरचे झोपलेले असताना, तो काडी न लावता पेटतो. दरवाजे-खिडक्यांना बेलतेल लावणाऱ्या रंगाऱ्यांच्या आणि सुतारांच्या कामावर अशा आगी लागलेल्या आहेत. शेंगदाण्याचे तेल स्वतः असे सहसा करीत नाही, पण ज्या चिंधीने शाई पुसली तिच्यात शाईतले अळशीचे तेल आलेलेच असते.

उपाय अगदी स्वस्त आहे. चिंध्या एकेक सुटी करून बाहेर दोरीवर पसरून वाळवाव्यात, एकीवर एक टाकू नये. कडकडीत वाळली की त्या चिंधीचे स्वतः तापणे संपते. जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात त्या बुडवून ठेवाव्यात. पाणी हवेला आत येऊ देत नाही. हा डबा टेबलापाशी छपाई सुरू करण्यापूर्वीच मांडलेला असावा, कारण थकल्यावर डबा शोधावयास कोणी उठत नाही. शाईने भरलेल्या वर्तमानपत्रांचाही गोळा करू नये, ती उलगडूनच वाळवावीत.

मोरीत काय जाऊ द्यावयाचे, हाही प्रश्न घरातलाच. तेल आणि शाई यांचे मिश्रण नळीत साचून घट्ट होते, आणि तुंबलेली मोरी घरमालकाला दाखविणे कठीण जाते. पण त्याहून गंभीर गोष्ट रंगद्रव्यांची आहे. जुन्या पद्धतीचा क्रोम पिवळा हा शिशाचा क्षार असतो, काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असते. अशी शाई कागदावरच टिपून घ्यावी आणि तिचे वाळलेले थर कोरडे घासून धूळ उडवू नये. तांब्याचे पत्रे फेरिक क्लोराइडने कोरणाऱ्यांनी वापरून झालेले द्रावण तर मोरीत मुळीच ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे माशांना व जलचरांना विषारी असते, आणि लोखंडी नळही ते खाते. जस्तासाठी नायट्रिक आम्ल वापरताना तपकिरी विषारी वायू निघतो. ते काम घरात न करणेच शहाणपणाचे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याचा वर्ग निराळा मानला होता. रंगाचे डबे आणि रसायने त्या वाटेने वेगळी द्यावीत.

हे सर्व ऐकून एखाद्याच्या मनात येईल, की पाण्याच्या शाया का वापरू नयेत? अवश्य वापराव्यात. जपानी लाकडी ठशांची छपाई शतकानुशतके पाण्यात कालविलेल्या रंगावर आणि तांदळाच्या खळीवर चालली, आणि तिची सफाई ओल्या फडक्याने होते. फक्त पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, म्हणून ब्रश व ठसे धुऊन सावलीत पुरते वाळवावे लागतात. अलीकडे अळशीच्या तेलावरच प्रक्रिया करून केलेल्या, साबणाच्या पाण्याने धुता येणाऱ्या शायाही मिळू लागल्या आहेत. घरी काम करणाऱ्याला त्या वरदान आहेत. पण वाळतात त्या तेलाच्या शाईसारख्याच, तेव्हा चिंध्यांचा नियम त्यांनाही लागू.

राहिल्या कोरण्या. त्यांना शाई क्वचित लागते, त्यांचा शत्रू गंज. गोव्यात आणि बेळगावकडे आषाढ-श्रावणात कोरडी दिसणारी कोरणीही चार दिवसांत तांबूस होते. काम संपताच पाते पुसावे, शिवणयंत्राच्या तेलाचे एक बोट फिरवावे, आणि कोरण्या एकमेकींवर आपटणार नाहीत अशा कापडी खिशांच्या गुंडाळीत ठेवाव्यात. गुंडाळी बंद कपाटात नको. खुंटीला, रुळाच्या शेजारी टांगावी, म्हणजे वारा लागतो, आणि मुलांचे हातही तेथवर पोहोचत नाहीत.